मागाठाण्याचं शेत

दहिसरकरांना कान्हेरी म्हणजे परसदार. आणि परसदाराचं होतं तेच होतं, आपण तिकडे कधी जात नाही. मी शाळेच्या सहलीत एकदा गेलो, कॉलेजात असताना दोनदा (त्यातल्या एका खेपेला लेणी बघितलीच नाहीत, कारण विचारू नका), आणि नोकरी लागल्यावर जवळजवळ पंधरा वर्षं एकदाही नाही. तेवढ्या काळात लोणावळा किती वेळा झालं त्याचा हिशेब नको.

यंदा जानेवारीतल्या एका रविवारी जाणं झालं ते बाबांमुळे. खरं तर सोसायटीमुळे.

आमची बिल्डिंग दहिसर पूर्वेला. चार मजली, बिनलिफ्टची, वय चाळीसच्या पुढे. आता रीडेव्हलपमेंटचं घाटतंय. मुंबईत जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. बिल्डर थोडा जास्तीचा एरिया देतो, बांधकाम होईपर्यंत भाडं देतो, आणि वर प्रत्येक सभासदाला एक घसघशीत रक्कम देतो. तिला म्हणतात कॉर्पस फंड. हा कॉर्पस घ्यायचा कसा यावर आमच्याकडे दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, ज्याचा त्याचा चेक ज्याच्या त्याच्या हातात द्या आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, सगळा पैसा सोसायटीच्या नावावर ठेवा, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून नव्या टॉवरचा मेंटेनन्स भागवायचा. कारण लिफ्ट, पंप, जनरेटर, वॉचमन असं सगळं आलं की महिन्याचा खर्च दुप्पट-तिप्पट होणार आणि आमच्याकडे निम्मे लोक पेन्शनवर आहेत. दुसऱ्या तटात मोजून पाच माणसं. त्यांचे पुढारी आमचे बाबा. बँकेत आयुष्य गेलं, वर वीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. सभेत आवाज चढला, घरी येऊन ब्लडप्रेशर चढलं. आई म्हणाली, "ह्यांना जरा कुठेतरी फिरवून आण रे."

मी मात्र या भांडणात गप्प होतो. त्या चेकमधून मी मनातल्या मनात मीरा रोडच्या टू बीएचकेचं डाउन पेमेंट आधीच भरून टाकलं होतं. बाबांना हे सांगितलेलं नव्हतं.

तर असो. सकाळी साडेसातला निघालो. दहिसर पूर्वहून मेट्रो पकडली की ओवरीपाडा आणि पुढचं स्टेशन राष्ट्रीय उद्यान. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही लाइन सुरू झाल्यापासून आमचं बोरिवली पाच मिनिटांवर आलंय. उद्यानाच्या गेटपासून लेणी साधारण सहा किलोमीटर. चालत किंवा सायकलने जाता येतं, पण बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून उद्यानाची बस घेतली. वाटेत काकड्या आणि आवळे घेऊन बसलेल्या बायका. तिकडे डोळा ठेवून बसलेली माकडं. (काकडी हातात धरून फोटो काढू नका, एवढंच सांगतो.)

लेण्यांबद्दल आधी चार ओळी, नंतर आपल्या विषयाकडे. कान्हेरी म्हणजे जुन्या शिलालेखांतलं कण्हसेल, पुढे संस्कृतात कृष्णगिरी. काळा डोंगर. शंभरावर लेणी, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं सतत राहता विहार. अजिंठा-वेरूळचा गाजावाजा होतो तसा याचा होत नाही, कारण इथे बघण्यासारखं कमी आणि वाचण्यासारखं जास्त आहे. मी ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमधली आणि नंतरच्या अभ्यासकांनी सुधारलेली लेखांची भाषांतरं छापून नेली होती. पंचवीस पानं. बाबांनी बसमध्येच ती हातातून काढून घेतली आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. पासबुक तपासावं तशी.

पहिल्यांदा तीन नंबरचं लेणं, म्हणजे मोठा चैत्य. साधारण २६ मीटर लांब, ३४ खांब, आणि टोकाला डोंगरातूनच कोरून काढलेला भरीव स्तूप. कार्ल्याचा चैत्य पाहिला असेल तर आराखडा ओळखीचा वाटेल, हात मात्र थोडा कच्चा. काही खांबांवर पूर्ण नक्षी, काही नुसतेच अठकोनी. पैसे संपले असणार, बाबा म्हणाले. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं हे काम, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाची अखेर. करवून घेतलं ते व्यापारी भावांनी, राजाने नव्हे. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे असलेले प्रचंड बुद्ध नंतरचे, दोन-तीनशे वर्षांनी आलेले.

पोर्तुगीज या जागेला पॅगोडाच म्हणायचे. दियोगो दो कौतो नावाचा त्यांचा इतिहासकार गोव्यात बसून लिहायचा, हा काळ सोळावं शतक सरतानाचा. त्याने 'कानारीच्या पॅगोडा'वर एक आख्खं प्रकरण लिहिलंय. पोर्तुगीजांना कुठलंही देऊळ पॅगोडाच, म्हणून शब्दाचं एवढं कौतुक नको. पण त्याने साष्टीतल्या लोकांकडून ऐकलेली गोष्ट मात्र भारी आहे. एका राजाला एकच मुलगा. हा मुलगा मोठेपणी संन्यासी होईल असं भाकीत झालं, म्हणून बापाने त्याच्यासाठी हे महाल कोरून घेतले, की त्याच्या डोळ्यांना दुःख, आजार, म्हातारपण दिसूच नये. कौतो म्हणतो, ही तर आपल्या संत योसाफतची गोष्ट! युरोपात तेव्हा घरोघरी सांगितली जाणारी ती संतकथा होती आणि चर्चच्या संतांच्या यादीतही योसाफतचं नाव होतं. आज आपल्याला माहीत आहे की 'योसाफत' हा 'बोधिसत्त्व' या शब्दाचाच, अरबी-जॉर्जियन-ग्रीक असा प्रवास करून गेलेला अपभ्रंश. म्हणजे सिद्धार्थाची गोष्ट पश्चिमेला जाऊन, संत होऊन, बोटीत बसून परत साष्टीत आली, आणि इथे तिला तिचीच जुनी आवृत्ती भेटली. एकच कोड दोन रिपॉझिटरींत वाढल्यावर असंच होतं. :)

इथून वर चढायला लागलो. डोंगराच्या अंगावर सगळीकडे पायऱ्या खोदल्यात, गुडघ्याला अगदी बेताच्या. मधेच एका ठिकाणी बाबा थांबले आणि कागद उलटून म्हणाले, "हे बघ, हा रस्ता." लेख एका ओळीचा आहे. चेमुल्याचा, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलचा, रोहिणीमित्र नावाचा हेरणिक होता. हेरणिक म्हणजे खजिनदार. त्याच्या धमणक नावाच्या मुलाने 'पथ' दान दिला. मूर्ती नाही, सभामंडप नाही, वाट. नेमकी कुठली पायवाट ते कळायला मार्ग नाही, पण चौलच्या त्या माणसाला वाटलं की भिक्षूंच्या पायाखाली धड जमीन असावी, आणि त्याने तेवढ्यावर आपलं नाव लावलं. आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून जिन्यापर्यंतच्या पेव्हर ब्लॉकसाठी तीन सभा झाल्या होत्या, याची आठवण बाबांनी मला मुद्दाम करून दिली.

मग पाणी. कान्हेरीत खरं बघायचं ते पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी, उजव्या किंवा डाव्या हाताला, खडकात खोल खोदलेलं एक टाकं आहे. लेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. डोंगरमाथ्यावरून पावसाचं पाणी यावं म्हणून खडकात पन्हळी खोदल्यात, एका टाक्यातून दुसऱ्यात जायला वाटा ठेवल्यात, आणि खाली ओढ्याला बांध घातल्याच्या खुणा आहेत. जानेवारी होता, शेवटच्या पावसाला तीन महिने उलटलेले, तरी अर्ध्याअधिक टाक्यांत पाणी होतं. वर शेवाळ आणि प्लॅस्टिकची बाटलीही होती, तो भाग वेगळा.

बाबा एका पोढीच्या काठावर बसले ते उठेचनात. मला कारण माहीत होतं. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर यायचा आणि बाबा पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन खाली टाकीपाशी उभे असायचे. किती मिनिटं पाणी आलं, किती इंच भरलं, सगळं वहीत. आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा, दहिसर नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि जमिनीखालच्या टाकीत गटार मिसळलं. पुढचे चार दिवस बाबा आणि दोन शेजारी बादल्यांनी ती टाकी उपसत होते. ही दहिसर नदी निघते याच डोंगरांतून, तुळशी तलावाच्या बाजूने. तुळशी १८७९ चा, विहार १८६०चा. मुंबई शहराला नळाने पाणी पाजायला इंग्रजांनी हेच खोरं निवडलं. भिक्षूंनी त्याच्या सतराशे वर्षं आधी निवडलं होतं.

"ही कोणाची?" बाबांनी विचारलं. मी कागद चाळले. आम्ही बसलो होतो ती कोणाची ते काही लागलं नाही, पण बाकीच्या पुष्कळ लागल्या. कल्याणच्या सामिदत्त सोनाराची पाण्याची पोढी, संघासह दिलेली. सोपाऱ्याचे, पैठणचे, नाशिकचे, चौलचे लोक. सोनार, मणिकार, लोहार, व्यापारी, भिक्षुणी, कोणाची तरी आई, कोणाची तरी सून. मुंबई-कोकणचा त्या वेळचा मध्यमवर्गच की हा. नालासोपारा आज विरारच्या अलीकडचं स्टेशन, तेव्हाचं शूर्पारक, दूरदेशी जहाजं सुटणारं बंदर.

पाच नंबरच्या लेण्याजवळच्या टाक्याचा लेख मात्र दरबारी आहे, आणि संस्कृतात आहे. सतेरक नावाच्या अमात्याने हे पाण्याचं टाकं दिलं. हा अमात्य कोणाचा? वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा. आणि राणी कोण? कार्दमक वंशातल्या महाक्षत्रप रु... यांची मुलगी. पुढची अक्षरं फुटलीत, पण हा रुद्रदामन असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सातवाहनांचे हाडवैरी क्षत्रप, त्यांच्या घरची लेक सातवाहनांच्या घरात. आता गंमत बघा. याच रुद्रदामनाचा गिरनारला मोठा शिलालेख आहे, इसवी सन १५० चा. त्यात तो दोन गोष्टी सांगतो. एक, दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवला, पण जवळचं नातं म्हणून जिवानिशी सोडला. आणि दुसरी, जिच्यासाठी तो लेख मुळात कोरला ती: वादळात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध मी पुन्हा बांधला, मंत्री नको म्हणत होते तरी बांधला, आणि प्रजेवर जादा कर किंवा वेठबिगार न लादता स्वतःच्या खजिन्यातून बांधला. बापाचं धरण तिकडे, आणि लेकीच्या अमात्याचं टाकं इथे बोरिवलीच्या डोंगरात. सासर-माहेरच्या लढायांचं पुढे काय झालं ते पुस्तकात वाचावं लागतं. टाकं मात्र समोर दिसतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ज्या लेखासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सोळाव्या वर्षाचा आहे. कल्याणचा अपरेणुक नावाचा एक व्यापारी उपासक. त्याने कण्हसेल डोंगरावर एक लेणं आणि एक दालन दिलं. नुसतं कोरून देऊन थांबला नाही. त्याच्या देखभालीसाठी संघाकडे २०० कार्षापण ठेवले आणि शिवाय एक शेत दिलं. त्यातून तिथे राहणाऱ्या भिक्षूला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, १६ कार्षापण आणि ऋतुकाळात दरमहा १ प्रतिक द्यायचा. आणि अशा ठेवीला शब्द आहे 'अक्षयनीवी'. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षय म्हणजे न संपणारं. व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सभेत विरुद्ध मत दिलंय.

"म्हणजे कॉर्पस!" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"व्याजाचा दर काय?"

कान्हेरीच्या लेखात दर नाही. पण नाशिकच्या पांडवलेण्यात आहे, आणि तिथला लेख अगदी ऑडिटरने लिहून दिल्यासारखा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात. त्याने वर्ष ४२ मध्ये ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, कोणाकडे? गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे त्या धंदेवाल्यांची संघटना, थोडी सोसायटी, थोडी बँक. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दरमहा शेकडा १ दराने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं स्पष्ट लिहिलंय. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी.

बाबांनी हिशेब तोंडी केला. दरमहा १ टक्का म्हणजे वर्षाला १२. दोन हजारांचे २४०. भागिले वीस. बारोबर बारा. "एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही," ते म्हणाले आणि त्यांना मनापासून आनंद झाला. मी इतकी वर्षं स्प्रेडशीट करतो, माझा एकही बजेट असा जुळलेला नाही. शिवाय तो लेख शेवटी सांगतो की हे सगळं निगमसभेत जाहीर ऐकवलं आणि नोंदकचेरीत फलकावर लिहून ठेवलं. बाबांचं भाषांतर: जनरल बॉडीत ठराव, मिनिटबुकात नोंद, आणि रजिस्ट्रारकडे दाखल.

आता अपरेणुकाचं शेत. ते कुठल्या गावात होतं ते लेखात आहे: मंगलथान. आणि अभ्यासक सांगतात की हे मंगलथान म्हणजे आजचं मागाठाणे. राष्ट्रीय उद्यानच्या पुढे देवीपाडा आणि त्याच्या पुढचं मेट्रो स्टेशन! मी त्या स्टेशनावरून रोज सकाळी ऑफिसला जातो, कानात हेडफोन घालून. गेली काही वर्षं रोज एक बाई मला अठराशे वर्षांपूर्वीच्या शेताचा पत्ता सांगतेय आणि मी ऐकलेलाच नाही.

तिथून पुढची लेणी आम्ही भराभर केली. अकरा नंबरचं दरबार लेणं, लांबलचक दालन आणि दगडी बुटके बाक. कँटीन म्हणा हवं तर. पुढे राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे शिलाहार मांडलिक यांच्या काळातलेही देणगीचे लेख इथे आहेत. शके ७६५, म्हणजे ८४३ सालच्या लेखात पुल्लशक्तीच्या एका मंत्र्याने द्रम्म दिले त्याची फोड आहे: पूजेला २०, डागडुजीला ३, वस्त्रांना ५ आणि ग्रंथांसाठी १. (पुस्तकांच्या बजेटची तेव्हाही हीच परिस्थिती.) ९० नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत नावं कोरलीत, १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांची. तारीख-वार, बापाचं नाव, सगळं व्यवस्थित. आपल्याकडे भिंतींवर बदाम कोरून ठेवणाऱ्यांनी निदान तारीख तरी घालावी.

पण मग हे अक्षय मुद्दल गेलं कुठे? हा प्रश्न मी विचारला नाही, बाबांनीच उतरताना विचारला. विणकरांच्या श्रेणी संपल्या, बंदरं गाळाने भरली, व्यापार दुसरीकडे वळला, नवीन राजे आले त्यांनी दुसऱ्या देवांना दानं दिली. अकराव्या शतकानंतर इथे फारसं नवीन काही झालेलं नाही. पुढे पोर्तुगीज आले आणि काही काळ त्यांनी इथल्या एका लेण्यात चर्चही थाटलं. आमच्या दहिसरच्या पलीकडच्या अंगाला मंडपेश्वरला तर शैव लेण्याच्याच डोक्यावर मठ बांधला. (त्यावर वेगळा लेख लिहायचाय, गेली तीन वर्षं लिहायचाय.) दोनशे कार्षापण कधी आणि कोणाच्या हातात संपले याची नोंद नाही. "म्हणजे तुमचा मुद्दा पडला," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "हजार वर्षं चालली की ही जागा. आपल्या टॉवरचा मेंटेनन्स तीस वर्षं चालला तरी मी मिळवलं."

मग अर्थातच मागाठाणे बघायचं ठरलं. मेट्रोने दोन स्टेशनं. मागाठाण्यालाही बौद्ध लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकातली, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. रिक्षावाल्यालाही नव्हतं. विचारत विचारत गेलो तर वस्तीच्या दाटीत, घरांच्या मधोमध, जमिनीच्या पातळीला खचल्यासारखं काहीतरी काळं दिसलं. झिजून पिठासारखा झालेला दगड, त्यात खांबांचे उरलेले आकार, आत ओळखण्यापुरता उरलेला बुद्ध. शेजारी कपडे वाळत घातलेले. एका आजींनी "आत फार काही नाही हो" असं आमची समजूत काढल्यासारखं सांगितलं आणि बाबांना पाणी दिलं. शेत नेमकं कुठे होतं ते अर्थातच कोणी सांगू शकत नाही. चारी बाजूंना इमारती. बाबा पाच मिनिटं उभे राहून इकडेतिकडे बघत होते. बहुतेक मनात एफएसआय लावत होते.

बोरिवलीला जेवलो. मला वाटलं आता घरी, पण बाबांना आणखी उत्साह आला. पॅगोडा राहिला होता. गोराई जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली. पूर्वी याच बोटींना एस्सेलवर्ल्डची गर्दी असायची, ते २०२२ मध्ये बंद पडलं. आता बोटीत बहुतेक सगळे पॅगोडाचेच.

ग्लोबल विपश्यना पॅगोडा तुमच्यापैकी पुष्कळांनी लांबून पाहिला असेल, तो सोनेरी घुमट. ८ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची सुमारे ३२५ फूट, रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यासारखा बाहेरून आकार, आणि आत एकही खांब नसलेलं दालन, व्यास जवळजवळ २८० फूट. आठ हजार माणसं एका वेळी बसू शकतात. विजापूरच्या गोलघुमटाच्या दुपटीहून मोठा व्यास. सिमेंट-सळई टाळून एकमेकांत अडकणारे दगड रचून हा घुमट उभा केलाय, कारण बांधणाऱ्यांना तो शेकडो वर्षं टिकायला हवा होता. आरसीसीचं आयुष्य किती ते आमच्या बिल्डिंगला विचारा.

हा ज्यांच्या कल्पनेतून उभा राहिला ते सत्यनारायण गोएंका, मंडालेत १९२४ साली जन्मलेले मारवाडी व्यापारी. १९६९ साली ते ब्रह्मदेशातून भारतात आले आणि विपश्यनेची शिबिरं घ्यायला लागले. २०१३ मध्ये गेले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन कोण होते माहीत आहे? स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेबतपासनीस. हे फलकावर वाचून बाबा कितीतरी वेळ तिथेच उभे. "बघ," म्हणाले, "हिशेबवाली माणसं."

मोठ्या दालनात ध्यान करायला शिबिर केलेल्यांनाच जाता येतं. आपण काचेमागून बघायचं. तेही पुरतं. सकाळी कान्हेरीत आम्ही स्तूपाभोवती फिरलो होतो, तो भरीव होता, त्याच्या आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. इथे स्तूप पोकळ आहे आणि माणसं त्याच्या पोटात बसलीत. घुमटात वर बुद्धाच्या अस्थी ठेवल्यात, खाली पन्नास-साठ लोक डोळे मिटून. काचेच्या अलीकडे एक लहान मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला वेफर्स देऊन गप्प करत होती. ब्रह्मदेशात धर्म इकडूनच कधीतरी गेला असं मानतात, आणि तिथला एक व्यापारी तो उचलून परत मुंबईत घेऊन आला, पुन्हा व्यापाऱ्यांच्याच दानातून. मला सकाळचा संत योसाफत आठवला.

परतीच्या बोटीची वाट बघत जेट्टीवर बसलो. ऊन उतरलं होतं, खाडीला ओहोटी, चिखलाचा तो नेहमीचा वास. बाबा कागदांची घडी घालत होते. त्यांनी कल्याणच्या अपरेणुकाचं आणि नाशिकच्या उषवदाताचं पान वेगळं काढलं, पुढच्या रविवारच्या सभेत वाचायला. मला चित्र दिसलं: पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि बाबा उभे राहून दोन हजार वर्षांपूर्वीच्या विणकरांचा व्याजदर सांगतायत. लोक हसणार. आणि मी कुठल्या तोंडाने तिथे बसणार?

मग सांगून टाकलं. मीरा रोड, टू बीएचके, डाउन पेमेंट, कॉर्पसचा चेक. सगळं एका दमात.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. खाडीत एक होडी चिखलात कलंडलेली होती तिकडे बघत होते. मग विचारलं, "बाकीचं लोन किती टक्क्यांनी मिळतंय?"

"साडेआठ."

"आणि डाउन पेमेंट किती कमी पडतंय?"

मी आकडा सांगितला. त्यांनी वेगळ्या काढलेल्या दोन पानांपैकी एकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहिला, खिशातल्या बॉलपेनने. त्याखाली त्यांच्या फिक्स्ड डिपॉझिटचा आकडा, त्याखाली एक रेघ. बोट लागली तरी त्यांचं गणित चालूच होतं. मला हात धरून त्यांना बोटीत चढवावं लागलं.

सभा येत्या रविवारी, सकाळी दहाला आहे.